मावशीचं वेगळं खातं

डिचोलीच्या आमच्या बँकेत पेन्शनच्या खिडकीवर एक कारकून बसतो. मान वर करायची त्याला सवय नाही. कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "फाल्यां ये." म्हणजे उद्या. मला तो कधीच आवडला नव्हता.

एकदा रांगेत माझ्यापुढे शिरगावची एक मावशी होती. खाणी बंद पडल्या तसा तिच्या मुलाचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला. तिची विधवा पेन्शन मुलाबरोबरच्या जॉइंट खात्यात यायची, आणि आली की बँक ती मुलाने ट्रकसाठी उचललेल्या ओव्हरड्राफ्टच्या कर्जापोटी वळती करून घ्यायची.

"ह्या महिन्यातय गेली रे," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. खिडकी बंद केली आणि तिला घेऊन तो मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला. "ट्रक मुलाचो, साहेब. पेन्शन हिच्या पोटाची," त्याचा आवाज रांगेपर्यंत आला.

मावशीच्या एकटीच्या नावाचं खातं उघडूनच तो परतला. पेन्शन यापुढे तिथेच यायची होती, आणि कापलेली रक्कमही साहेबांनी परत द्यायचं कबूल केलं होतं. तोवर जेवणाची सुट्टी झाली. मी पुढे सरकलो.

"फाल्यां ये," तो मान खाली घालून म्हणाला.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच न कुरकुरता घरी गेलो.