डोळे उघडून देणारे मास्तर

ठाकुरद्वारच्या मनमोहन धैर्यवानांचं अर्धं गिऱ्हाईक मेलेलं असे, आणि हे ते स्वतःच हसत सांगत. फोटोवरून तैलचित्रं काढणं हा त्यांचा धंदा. पाठारे प्रभूंच्या घरात जन्मून, आर्ट स्कूलमध्ये शिकून माणसाने हे करावं, याचं भाऊबंदांना फार वाईट वाटे. पण त्याच भाऊबंदांच्या दिवाणखान्यातले आजोबा-पणजोबा मास्तरांनीच रंगवलेले होते.

त्या काळी घरोघरी कॅमेरे कुठले? माणूस गेला की फोटोग्राफर यायचा, आणि पुष्कळांचा तो पहिला आणि शेवटचा फोटो असायचा. तो फोटो मास्तरांकडे आला की ते चित्रात नाकातला कापूस काढत, गालांवर रंग चढवत, आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडत. त्यासाठी मुलगा, बहीण, आई, जे कुणी रक्ताचं असेल त्याला समोरच्या खुर्चीत बसवून त्याचे डोळे चित्रात उचलायचे. तसबीर भिंतीवर चढली की घरचे म्हणत, आता बोलेल असं वाटतं.

छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हटल्यावर गिरगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळीबार झाला. छापखान्यात कामाला असलेला जयवंत त्यात गेला. त्याची आई दुर्गाबाई, विधवा बाई, थोड्याच दिवसांनी पदराखाली फोटो घेऊन मास्तरांचा जिना चढल्या. दुसरा फोटो नव्हता, आणि दुसरा मुलगाही नव्हता.

"डोळे तेवढे उघडा मास्तर," त्या म्हणाल्या. "माझेच घ्या. सगळे म्हणायचे, आईचे डोळे घेतलेत पोराने."

त्या बसल्या, मास्तरांनी डोळे उचलले आणि चेहरा एकदम परका झाला. खरवडून पुन्हा काढले, तेव्हा कुणी तिसराच बघायला लागला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. जेवताना, दाढी करताना तो मिटलेला चेहरा समोर येऊ लागला. त्यांची बायको लीला शेवटी म्हणाली, "अहो, तो फोटो निदान भिंतीकडे तोंड करून ठेवा. देवघरात जाताना मला त्याच्यासमोरून जावं लागतं." मास्तरांनी फोटो फिरवला. त्याने काही फरक पडला नाही. तो तिकडे तोंड करून आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

मग एका सकाळी त्यांनी डोळ्यांचा नाद सोडला आणि फोटोत होतं तेच रंगवलं. मिटलेल्या पापण्या, कापसाचे बोळे, उघडा पडलेला सदरा आणि खांद्याखालचं काळं भोक. हात एकदाही अडला नाही. चित्र पुरं झालं तेव्हा त्यांना स्वतःच्याच कामाची भीती वाटली. गिरणीच्या पट्ट्यात सापडलेला कुणी, सासरी भाजलेली कुणी. आजवर सगळ्यांचे डोळे उघडून मास्तरांनी त्यांना सुखाने बसवून टाकलं होतं.

वाडीतल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पोरांचं वाडीच्याच सभागृहात चित्रप्रदर्शन भरायचं होतं. त्यांचा म्होरक्या रमाकांत ते चित्र घेऊन गेला. दुर्गाबाईंना विचारावं, हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. माणसं दाराशी चपला काढून आत जायला लागली आणि न बोलता बाहेर यायला लागली. ही कुणकुण पोलिसांना लागायला किती वेळ लागणार?

सभागृहात आलेले इन्स्पेक्टर सभ्य होते, तेच वाईट. "धैर्यवानसाहेब, तसबिरीला आमची हरकत नाही," ते म्हणाले. "डोळे उघडा, ते भोक बुजवा, वर हार घाला. फक्त प्रेत नको."

 हे तर मास्तरांचंच काम होतं. तीस वर्षं लोकांनी आपणहून मागितलेलं आज सरकार मागत होतं.

प्रदर्शनाचं कानावर आल्याने दुर्गाबाईही आल्या होत्या, तिथेच भिंतीला टेकून उभ्या होत्या. "साहेब बरोबर बोलतायत मास्तर. मी तरी वेगळं काय मागितलं होतं?"

"दुर्गाबाई, डोळे उघडले तर तो मेलाच नाही असं होईल."

"मग होऊ दे की," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ऐकलं नाही. ते बरोबर होते, आणि निर्दयही होते. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही होता येतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी चित्र नेलं, मास्तरांच्या घरून फोटो नेला आणि फोटोग्राफरकडची निगेटिव्हची काचही नेली. रमाकांतने निषेधाची सभा घेतली, मास्तरांना हार घातला, पेपरात चार ओळी आल्या. दुर्गाबाईंच्या खोलीतली तसबिरीसाठी ठोकलेली खुंटी मात्र तशीच राहिली.

पुढे काही महिन्यांनी त्या जिना चढून आल्या. भांडायला आल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"परवा मला त्याचं नाक आठवेना," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी कॅनव्हास लावला. जयवंतला त्यांनी जिवंत कधी पाहिलंच नव्हतं. हाताला ठाऊक होता तो फक्त फोटो. त्याच्या आठवणीवरून नाक आलं, जिवणी आली, हनुवटी आली. डोळ्यांपाशी ब्रश थांबला. बसा, असं त्यांना सांगवेना. दुर्गाबाई आपणच खुर्चीत जाऊन बसल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वर पाहिलं. दुर्गाबाईंनी डोळे मिटले होते.

"उघडे तुम्हाला जमायचे नाहीत मास्तर. तुम्ही त्याला तसा पाहिलाच नाही. मिटलेलेही माझ्यासारखेच होते. मीच मिटले होते ना."

मास्तर रंगवू लागले. पापणी लवत नव्हती, पदर हलत नव्हता. समोर बघावं तर जयवंत, कॅनव्हासवर बघावं तर दुर्गाबाई. आपण कुणाला काढतोय हेच त्यांना कळेना. चित्र झालं. ब्रश खाली ठेवल्याचा आवाज झाला, तरी त्या तशाच बसून राहिल्या.

मग तोंड न वळवता त्यांनी विचारलं, "झालं का? उघडू?"

मास्तरांना हो म्हणायचं होतं. पण खुर्चीत त्यांना अजून जयवंतच दिसत होता, आणि दुर्गाबाई डोळे मिटून वाट बघत राहिल्या.