पाय वर घेऊन बसा

टिकल्या लावायच्या साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन आई बमरोलीहून शटल रिक्षाने लिंबायतला घरी येत होती. हातगाडी आडवी आली म्हणून रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि मागून टेम्पोने धडक दिली. आईला खरचटलंही नव्हतं. गाठोडं तिने सोडलं नाही, मान मात्र जोरात पुढे-मागे हिसडली गेली. घरी येऊन भाकरी थापायला बसली तेव्हा उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि पिठाचा गोळा हातातून निसटला.

एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्याला बारीक तडा दिसला. डॉक्टरांनी हनुवटीपर्यंत येणारा कडक पट्टा बांधला आणि मान अजिबात वाकवायची नाही, मणका सरकला तर हात जाईल, असं गुजरातीत बजावलं, "बेन, डोकुं नमाववानुं नथी. मणको खस्यो तो हाथ गयो समजो." टिकल्या लावणारा तो हात गेला तर आमच्या घराचं काय होईल, याचा विचार करायलाही मी धजत नव्हते. आईने ते फार मनावर घेतलं. झाडू सोडला, हंडा सोडला, चूल माझ्या गळ्यात घातली.

एक गोष्ट मात्र ना डॉक्टरांच्या ध्यानात आली, ना आमच्या. खानदेशातून आलेल्या आमच्या घरांत सून आल्यागेल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईच्या पाया पडते. आणि दुखणाईताला बघायला कोण येणार? सगळ्या वडीलधाऱ्या बायकाच! पहिल्याच दिवशी वडिलांची चुलती आली. कुणाला काही कळायच्या आत आई खाटेवरून उठली, पट्ट्यावरून पदर घेतला आणि थेट वाकली. उठली ती पांढरीफटक पडून, उजवा हात धरून. चुलत आजीने आधी आशीर्वाद पुरा केला, मग ती किंचाळली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली मामी आली, तर पुन्हा तेच! मी इतकी संतापले की आईवरच ओरडले. ती बिचारी म्हणाली, "मी काय करू व, कंबर आपेआप वाकस."

शेवटी वडिलांनी तोड काढली. ते लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, कामाला. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे घरातही ते गल्लीला ऐकू जाईल असंच बोलत. पाहुणा दारात दिसला की ते गरजत, "पाय वर ल्या! मांडी घाली बठा!" मग खाडीला पूर आल्यासारख्या सगळ्या बायका पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसत आणि तशाच चहा पीत. आई खाटेवरून त्यांच्याकडे ओशाळून बघत राही. मला हसू आवरत नसे.

धास्ती होती ती आत्याची. वडिलांची ही मोठी बहीण नंदुरबारकडच्या एका खेड्यात राहायची. एका लग्नात कुणाची तरी सून पाया पडायची राहिली म्हणून ती भरल्या पंगतीतून उठली होती. मला ती मुळीच आवडायची नाही. तिच्यासमोर आईने कधी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

ती सकाळच्या गाडीने आली, तेव्हा वडील कामावर होते. "आत्या, पाय वर घे!" असं मी ओरडेपर्यंत आई उठून बसलीही होती. आत्याने हातातली पिशवी तिथेच टाकली, आईचे खांदे धरले आणि तिला हलकेच पुन्हा निजवलं.

"गुमान पडी राह्य. मना पाय काय पयी चालनात का?"

मग कुठेही पळून न जाणारे ते पाय दुमडून ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि आईचेच पाय मांडीवर घेऊन चेपू लागली. आई कासावीस झाली. "ताई, माले पाप लागी."

"लागू दे. निम्मं मी लिसू."

त्या क्षणापासून मला आत्या आवडू लागली.

ती राहिलीच. रोज सकाळी आईची वेणी घालून झाली की स्वतःचं बोट तिच्या उजव्या मुठीत द्यायची. "दाब." आई जीव एकवटून दाबायची. "काय व, माशी बठनी का?" असं चिडवून आत्या दारापुढच्या ओट्यावर जायची आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ पदराने तोंड पुसत बसायची. घाम नव्हता तो.

एके दिवशी मी चहा गाळत होते तेव्हा आत्या केवढ्याने तरी ओरडली, "ओ माय व! सोड, बोट मोडशी!" वडील आंघोळ अर्धी टाकून धावत आले. आईच्या मुठीत आत्याचं बोट पांढरं पडलं होतं आणि आई, पट्ट्यात हनुवटी अडकलेली, मोठ्याने हसत होती.

"नही सोडाव, ताई."

आत्याने बोट काढून घेतलं नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती म्हणत होती, "दाब माय, आखो जोरमा दाब."