हिराजीचा दम आणि माझे कान

हे ऐकताना चहाचा घोट तोंडात धरू नका, एवढी एकच विनंती. आमच्या मेव्हण्यांनी एकदा धरला होता आणि माझा पांढरा सदरा कायमचा गेला. फजिती माझीच आहे, तेव्हा तुम्ही मनसोक्त हसा. मला स्वतःला हसू यायला मात्र दोन वर्षं लागली!

तेव्हा मी रेवस बंदरावर लाँचची तिकिटं फाडायचो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. लोक मला तिकीट मास्तर म्हणायचे. पुढं त्यातलं तिकीट गळालं आणि नुसता मास्तर उरला. आता मास्तर म्हटलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं. माझंही तेच झालं.

आमची लाँच म्हणजे भरतीची मिंधी. ओहोटी लागली की खाडीत गाळच गाळ. लाँच लांब पाण्यात उभी आणि मुंबईला निघालेली माणसं ट्रंका, कोंबड्या, पोरं घेऊन धक्क्यावर. दोन-दोन तास! करायचं काय या माणसांनी? हसनभाईंच्या हॉटेलात बसायचं, चहा प्यायचा आणि हिराजीवरून भांडायचं.

हिराजी कोण म्हणून विचारता? अहो, हुतूतूतला हिराजी! मिठागरावर काम करणारा काळाभोर गडी. पंधरा वर्षं आमच्या कुलाबा जिल्ह्यात सामना म्हटला की हिराजीच. पण त्याच्यावरून घराघरात दोन पक्ष. अर्ध्यांना तो देव वाटायचा, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्याचं नाव काढलं तरी ठसका लागायचा.

कारणं होती हो. गाव सोडून तो तीन वर्षं मुंबईच्या एका गिरणीच्या संघात खेळला. बरं, खेळला तर खेळला, पण एका सामन्यात आपल्याच तालुक्याचे पाच गडी बाद केले आणि वर मांडी थोपटली! कोण विसरेल? आमच्याकडच्या माणसांना काल काय जेवलो ते आठवत नाही, पण ती थोपटलेली मांडी सगळ्यांना आठवत होती.

पण खरं भांडण होतं ते त्याच्या दमावरून. तुम्हाला माहीत आहे ना, हुतूतूत चढाई करणाऱ्यानं एका दमात 'हुतूतूतू' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, गडी मारायचे आणि दम संपायच्या आत मधली रेघ गाठायची. मध्ये श्वास घेतला की बाद. हिराजीचा दम एवढा लांब, एवढा लांब, की त्याची चढाई सुरू झाली की एखाद्यानं घरी जाऊन पेज पिऊन यावं! हिराजीचा पक्ष म्हणायचा, असा दम पुन्हा होणे नाही. दुसरा पक्ष म्हणायचा, दम चोरतो. मध्येच गुपचूप श्वास घेतो.

आणि या दुसऱ्या पक्षाचा मुख्य साक्षीदार कोण? अस्मादिक!

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पोयनाडच्या सामन्यात पहिल्या रांगेत बसलो होतो. हिराजी समोरच्यांच्या अंगणात खोल शिरलेला, चौघांनी घेरलेला, आणि माझ्या कानावर स्पष्ट आवाज आला, "हाप्!" श्वास घेतल्याचा! त्यानंतर जो जो सामना पाहिला, त्या त्या सामन्यात ऐकू आला. शेजारच्याला विचारलं की तो म्हणायचा, "मला नाही बुवा ऐकू आलं." एवढ्या कल्लोळात फक्त मलाच ऐकू येतंय म्हटल्यावर मी काय समजायचं? मी समजलो, काय कान दिलेत देवानं!

हसनभाई हॉटेल काढण्याआधी जहाजावर खलाशी होते, जग बघून आलेले. त्यांना माझ्या कानांचं काही कौतुक नव्हतं.

"मास्तर, अल्लाची कसम, मी पन व्हतो ना त्या सामन्याला. मना कसा न्हाय आयकू आला?"

"तुमचं लक्ष नसेल."

"न् पंचाचा?"

"त्याचे कान चांगले नसतील."

"म्हंजे अख्ख्या जिल्ह्यात कान काय ते तुमालाच!"

"तसंच समजा," मी म्हणायचो. आणि खरं सांगतो, तसं मला वाटतही होतं.

आता बघा, बंदरावर बोललेली गोष्ट बंदरावर राहते का? मी सकाळी सांगितलेलं दुपारच्या लाँचनं भाऊच्या धक्क्याला पोचायचं आणि संध्याकाळच्या लाँचनं जाडजूड होऊन परत यायचं. एकदा मुंबईहून आलेला एक गृहस्थ मलाच सांगायला लागला, "हिराजी गालात बोरूची नळी ठेवतो, त्यातून श्वास घेतो. रेवसच्या मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलंय!" मी काय केलं असेल? नाही म्हणालो? छे हो! मी नुसती मान डोलावली.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग हिराजीचा गुडघा गेला आणि त्यानं जाहीर केलं, आता बस्स, एक शेवटचा सामना.

त्याच सुमारास आमच्याकडं नवं हायस्कूल निघालं होतं. पोरांना हुतूतू शिकवायला कोणीतरी हवं होतं, आणि हिराजीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं असेल तर ते हे काम. पण शाळेच्या समितीवर होते नारळवाले नाना. दुसऱ्या पक्षाचे पुढारी! त्यांनी साफ सांगितलं, "दमचोराच्या हाती मुलं द्यायची? उद्या तो त्यांना काय शिकवेल?" पुरावा काय? मास्तरांचे कान!

दोन दिवसांनी तिकिटाच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर मिठाची पाटी, तोंडावर उन्हाचा ताव.

"किती तिकिटं?" मी न बघताच विचारलं.

"तिकीट नको मना. तुजे कान बघायचे हायत."

मी चमकून वर बघितलं.

"मी सोनू. हिराजीची बायको."

माझ्या हातातलं तिकिटांचं पुस्तक खाली पडलं. ती काही भांडायला आली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

"गुडघा गेला त्याचा," ती म्हणाली. "त्याचा काय न्हाय. खेळ कवातरी सुटतोच. पन पोरांना शिकवायचा त्याच्या मनात लय हाय. नाना बोलतान, मास्तरनी आयकला. दोन दिस झाले, मानूस धड जेवला न्हाय."

"बाई, मी ऐकलं तेच सांगितलं."

"मंग आजून येकदा आयक. लांबशी नको. त्याच्या बाजूला बस नि आयक. आयकू आला तं समद्यांच्या समोर सांग. मी त्याला बोलन, आपला मिठागर बरा."

पाटी सावरून ती निघून गेली. त्या दिवशी मी दोन माणसांना चुकीची तिकिटं दिली आणि एकाला तर तिकीटच दिलं नाही.

तिनं नानांनाही हेच सांगितलं होतं. नानांना कल्पना एकदम पसंत! शेवटच्या सामन्यात मास्तरांना दमाचा पंच नेमायचं ठरलं. मधल्या रेघेला लागून स्टूल, गळ्यात शिट्टी. दम तुटलेला ऐकू आला की शिट्टी वाजवायची, आणि त्याच शिट्टीवर शाळेतल्या कामाचा निकाल. हसनभाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मास्तर, चांगल्या मानसाची रोजी हाय ही. कान साफ करून जा!"

खोटं कशाला बोलू, मी साफ करून गेलो. खोबरेल तेल घालून!

कापणी झालेल्या शेतात पटांगण केलं होतं. आजूबाजूच्या वीस गावांची माणसं लोटली होती. अर्धी हिराजीला डोक्यावर घ्यायला, अर्धी त्याची चोरी पकडायला. मी नवं धोतर नेसून स्टुलावर बसलो. हसनभाई मुद्दाम माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. सोनूबाई समोरच्या गर्दीत होती.

हिराजी सबंध सामना लंगडतच खेळला. शेवटची चढाई उरली तेव्हा नाना उठले आणि कर्ण्यातून ओरडले, "आता कोणी चकार शब्द काढायचा नाही! मास्तरांना ऐकू द्या!"

तुम्हाला सांगतो, एवढी माणसं आणि एवढी शांतता मी जन्मात पाहिली नाही. रडणारी पोरं बायकांनी उचलून बांधापलीकडं नेली.

हिराजीनं माती कपाळाला लावली आणि रेघ ओलांडली. "हुतूतूतूतूतू..."

एक गडी मारला. दुसरा मारला. गुडघा वाकत नव्हता, तरी गडी असा फिरत होता की मी स्टुलाच्या कडेला सरकलो. मग एकानं त्याचा पाय धरला. दुसऱ्यानं कंबर धरली. हिराजी खाली वाकला, पण आवाज चालूच. "तूतूतूतूतू..." रेघ चार हातांवर. तीन हातांवर. मी शिट्टी मुठीत गच्च धरलेली, डोळे फाडून बघतोय, आणि...

"हाप्!"

आला! स्पष्ट आला! या खेपेस मलाच काय, बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू आला. मी जोरात शिट्टी मारली आणि स्टुलावर उभा राहिलो.

"तुटला! दम तुटला! बाद!"

एकच गलका. नाना टाळ्या पिटत उठले. सोनूबाईनं पदर तोंडाला लावला. मी विजयी मुद्रेनं चौफेर बघत ओरडलो, "ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलंत ना?"

"आयकला!" पटांगण गरजलं.

"आता तरी पटलं?"

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की गलक्याखालून काहीतरी ऐकू येतंय. "तूतूतूतूतूतू..."

हिराजी थांबलाच नव्हता! पायाला एक गडी, कमरेला एक गडी, दोघांना ओढत तो रेघेवर आला. रेघ ओलांडली तरी थांबेना. दोघांना झटकून लंगडत लंगडत सरळ माझ्या स्टुलापाशी आला. तोंड वर करून, माझ्या डोळ्यांत बघत, "हुतूतूतूतूतू..."

"अरे पण..." मी म्हणालो. "आवाज तर आला! मग आवाज कुणाचा आला?"

पाठीमागून हसनभाईंचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"मास्तर," ते म्हणाले, "आवाज स्टुलावरनं आला. दम तुमचा तुटला."

मी खाली बघितलं. माझी छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. तोंड उघडं, कपाळाला घाम. हिराजीची चढाई सुरू झाली तेव्हापासून मी श्वासच घेतला नव्हता हो! आणि हे काही आजचंच नव्हतं. पोयनाडलाही घेतला नव्हता, त्यानंतरच्या एकाही सामन्यात नाही. तो रेघ ओलांडायचा आणि इकडं माझा श्वास अडकायचा. हिराजी परत येईपर्यंत मला तो काही धरवायचा नाही, आणि मग "हाप्!" करून मीच श्वास घ्यायचो, तो माझ्याच तल्लख कानांना ऐकू यायचा!

ज्याला सहा वर्षं चोर म्हणत होतो, त्याच्यासाठी माझा जीव असा टांगणीला लागायचा. हे मला कधी कळलंच नव्हतं. लाज वाटली. फार लाज वाटली.

इतक्यात हिराजीनं तोंड मिटलं. नाकानं शांत, लांब श्वास घेतला. त्याचा कणभर आवाज आला नाही.

मी स्टुलावरून उतरलो आणि कर्णा मागून घेतला. "मंडळी, दम माझा तुटला. दर वेळेला माझाच तुटत होता. हिराजीनं कधी काही चोरलेलं नाही. नळीबिळी काही नाही. नाना, मुलं याच्याच हाती द्या."

कोणी काही बोलायच्या आत हिराजी खो खो हसायला लागला. "मास्तर, म्हंजे मी चढाईला गेलो का तू पन माज्यासंगती येत व्हतास! मना कवा बोलला न्हायस!"

सोनूबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती. नानांनी दोनदा घसा खाकरला. "सोमवारपासून ये," ते हिराजीला म्हणाले. पक्षांतर करताना माणूस जसा दुसरीकडं बघून बोलतो, तसं बोलले.

तुम्हाला वाटलं असेल, चला, वाद मिटला! मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी मी हसनभाईंकडं गेलो तर नाना आपल्या पक्षासह हजर.

"हिराजी प्रामाणिक, हे मान्य," नाना म्हणत होते. "पण त्याचा दम लांब, हे कशावरून? इतकी वर्षं तो मोजला कुणाच्या दमाशी? या मास्तरांच्या! हे गृहस्थ बंदरावरून पोस्टापर्यंत चालले तरी धापा टाकतात. यांच्यापेक्षा माझ्या म्हशीचा दम लांब आहे!"

हिराजीचा पक्ष खवळून उठला. कप आदळले. हसनभाई किटली घेऊन माझ्यापाशी आले आणि अगदी काकुळतीनं म्हणाले, "मास्तर, कायपन करा, पन जरा दम वाढवा. हिराजीची अब्रू आता तुमच्या छातीत हाय!"

काय करतो? गेलो सोमवारी शाळेच्या पटांगणावर. वीस मुलगे आणि चार मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या मागं धोतराचा काचा मारून मी. दोन्ही पक्ष बांधावर बसून बघत होते. माझी पाळी आली. मी माती कपाळाला लावली, रेघ ओलांडली आणि म्हणालो, "हुतूतू..."

"हाप्!"

"बाद," हिराजी म्हणाला.

बांधावर नाना उठले, हसनभाई उठले, आणि दोघांनी एकदम टाळ्या वाजवल्या. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात दोन्ही पक्षांना मान्य झालेला हा पहिला निकाल!