नवरदेव रिव्हर्स गियरमध्ये

माझे आजोबा स्वतःच्या लग्नाला उलटे आले.

घोड्यावर उलटे बसून नाही हो. बोटीतून. रिव्हर्स गियर टाकून, वाजतगाजत, अख्ख्या वऱ्हाडासकट.

आज आबांची पुण्यतिथी. दरवर्षी मी त्यांचा तोच फेटेवाला फोटो टाकते आणि तुम्ही सगळे हात जोडता. यंदा फोटो नाही, गोष्ट. हात नंतर जोडा, आधी हसून घ्या.

निजामाचं राज्य होतं. गेवराई तालुक्यात, गोदावरीकाठी आमचं गाव. तिथल्या जहागीरदारांना शर्यतींचं लई वेड. घोडे झाले, बैल झाले, मग मुंबईहून शर्यतीची मोटरबोट मागवली!

आबा हैदराबादेत मोटारींचं काम शिकून आलेले. म्हणून इंजिन आणि गियर त्यांच्याकडे, आणि सुकाणू गफूरचाचांकडे.

गियरला एक लांब लोखंडी दांडा होता. पुढे ढकलला की "खट्" वाजलं पाहिजे. वाजलं की बोट पुढे उडालीच समजा.

मागे जायचं असेल तर मात्र दांडा ओढून धरूनच ठेवायचा. हात सोडला की गियर सुटला.

ते "खट्" आबा तोंडाने इतकं हुबेहूब काढायचे की आम्ही नातवंडं पुन्हा पुन्हा काढायला लावायचो.

आता लग्न.

मुलगी नदीपलीकडची. तिचे वडील, बापू, मोठे शेतकरी आणि महातिरसट. "तेलात हात घालून बसणारा जावई काय करायचाय?" असं म्हणत कसेबसे तयार झाले. वर दम दिला, "मुहूर्ताला नवरदेव शिवेवर न्हाई दिसला, तर माझा भाचा तयार हाय."

आणि भाचा खरंच नवं धोतर नेसून मांडवात बसला होता!

इकडे आबा पार वेडे झालेले. गेवराईच्या बाजारात आजीला एकदाच बघितलं होतं, तेवढ्यावर.

जहागीरदारांनी वरातीला बोट दिली. आबांनी ठरवलं, आज अशी पळवायची की सासऱ्याने बघतच राहावं. म्हणून आदल्या दिवशी गियर उघडला. त्यात खाचांची एक कडी असते. ती एकेक खाच फिरवून घट्ट करायची आणि वरून स्क्रू आवळायचा.

कडी फिरवली. तेवढ्यात हळदीची हाक आली. स्क्रू अर्धवट ठेवून स्वारी पाटावर जाऊन बसली!

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी भर नदीत कडी सैल झाली आणि दांडा लुळा पडला. इंजिन नुसतं बोंबलतंय, बोट काही पुढे जाईना. चकलांब्याचे वाजंत्री मात्र जोरात, कारण त्यांना कुणी थांबा म्हटलंच नव्हतं.

गफूरचाचा ओरडले, "अरे दुल्हे! नाव आगे कैकू नै जारी?"

आबा हत्यारांची पिशवी शोधायला लागले. ती आबांच्या आत्याबाईंनी सकाळीच उतरवून ठेवली होती. लग्नाच्या बोटीत तेलकट गबाळ कशाला!

घाट समोर दिसत होता. बापू पूजेचं ताट घेऊन उभे. मुहूर्त डोक्यावर.

आबांनी दांडा मागे ओढून बघितला. मागचा गियर शाबूत!

"चाचा, वल्ह्यानं बोट फिरवा. मागं मागं जाऊ."

"शादी कू जारे की तमाशे कू?" चाचा म्हणाले, पण फिरवली.

निघाली वरात. बोटीचं बूड पुढे, तोंड मागे. सुकाणू ऐकत नव्हतं, त्यामुळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आबा दोन्ही हातांनी दांडा ओढून बसलेले, मुंडावळ्या डोळ्यांत, आणि पाठ सासऱ्याकडे.

सीमांतपूजनाला पाठमोरा नवरदेव! घाटावरची लगबग थांबली. वाजंत्रीसुद्धा आत्ता थांबले.

बापू कडाडले, "तोंड फिरव इकडं! आमाला पाठ दाखवतो का बे?"

"मामा, दांडा सोडला तर बोट वाहून जाईल!" आबा सासऱ्याला म्हणाले.

"मग असा उलटा कावून आलास?"

आबा मान न वळवता ओरडले, "पुढचा गियर गेला, मामा! सरळ येता येईना. पर मुहूर्त चुकवायचा न्हवता. जसं येता आलं तसं आलो!"



मग बापूंनी ताट डोक्यावर धरलं आणि धोतरासकट पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यातून बोटीला वळसा घालून जावयाच्या समोर गेले आणि कुंकू लावलं.

काठाकडे बघून म्हणाले, "भाच्याला सांगा, जेवून जा."

लग्न लागलं.

संध्याकाळी पाठवणी. घाटावर बायकांनी डोळ्यांना पदर लावलेले. आजी बोटीत बसली आणि आता रडणार, तेवढ्यात आबांनी गियरचं झाकण उघडलं.

हत्यार तर नव्हतंच. पण नवरदेवाच्या कमरेला कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं. नदीतल्या घाईत ती आठवलीच नव्हती. आबांनी कट्यार उपसली, लिंबू काढलं आणि आजीपुढे धरलं.

"हे लिंबू धर जरा."

आबा आजीशी बोलले ते हे पहिलं वाक्य. काय रोमँटिक माणूस!

कट्यारीच्या टोकाने त्यांनी एक खाच घट्ट केली. "आता दांडा ढकल पुढं."

नव्या नवरीने ढकलला. लुळाच.

आणखी एक खाच. तरी लुळा.

मग आजीने पदर खोचला आणि दातओठ खाऊन ढकलला.

खट्!

या वेळी स्क्रू नीट आवळला. इंजिन सुरू झालं, दांडा पुन्हा आजीनेच ढकलला, आणि बोट अशी सुटली की लिंबू नदीत आणि आजी आबांच्या अंगावर.

माहेर मागे पडतंय आणि नवरी खदाखदा हसतेय! बायका रडायचं सोडून बघत राहिल्या.

"माझं रडायचं राहूनच गेलं," आजी आम्हाला सांगायची.

"मग आता रड की, कुणी धरलंय?" आबा म्हणायचे. की आलीच उशी त्यांच्या अंगावर.

आबा गेले त्या दिवशी आजी लई रडली. थांबेचना. घरातल्या बायका समजावत होत्या, पुरे आता, तब्येत बिघडेल.

आजी म्हणाली, "माहेर सोडताना ह्यांनी रडू दिलं न्हाई. आज तरी रडू द्या गं."

आबा, तुम्हाला सगळ्या नातवंडांचा नमस्कार. तुमची आठवण येते. लई येते.