वाकस मेस्तरींची पडवी

वाकस मेस्तरी स्वतःचं काम स्वतःच्या हातांनी फोडत. नायगावच्या एका नव्या इमारतीत त्यांनी बसवलेला दरवाजा मी फुटताना पाहिला आहे. घरमालकाने हळदीकुंकू वाहून चौकटीला तोरण बांधलं होतं, पेढ्यांचा पुडा उघडला होता. मेस्तरींनी दार तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. बिजागरीखालच्या फटीत अंगठ्याचं नख सरकवून पाहिलं, आणि नख आत गेलं. मग त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला, हातोडा घेतला आणि चार घावांत ते दार उभं चिरलं. मालकाची बायको कानांवर हात ठेवून मोरीत जाऊन उभी राहिली. "उद्या दुसरा बसवतो," एवढंच म्हणून मेस्तरी जिना उतरले.

वसईकडच्या पापडी गावातल्या चर्चच्या वहीत त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव लिहिलेलं असणार. पण ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. आखूड दांड्याचं, आत वळलेल्या पात्याचं वाकस हे सुताराचं हत्यार सदैव त्यांच्या खांद्यावर टांगलेलं असे, म्हणून ते वाकस मेस्तरी. माणूस बुटका होता. मनगटं मात्र एखाद्या मोठ्या माणसाची काढून लावल्यासारखी. जवळ आले की आधी ताज्या फणसाच्या लाकडाचा गोडसर, पिवळा वास येई, आणि मागून मेस्तरी येत.

ते माणसांनाही मारत. हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. बायकोला झोडपणाऱ्या एका शेजाऱ्याला त्यांनी तिच्यासमोर असा झोडपला की तीच बाई मेस्तरींच्या पाया पडून नवऱ्याचे प्राण मागू लागली. तराजूत हात मारणाऱ्या कोळशेवाल्याची बोटं त्यांनी त्याच्याच तराजूच्या दांडीने मोडली. बाजारात रांग तोडणाऱ्याच्या कानाखाली वाजवायला त्यांना फारसा विचार करावा लागत नसे. तरुणपणी एकाला खाडीच्या चिखलात छातीपर्यंत रोवून आले म्हणून ते दोन वर्षं तुरुंगात होते, असं आई सांगे. मी एकदा धीर करून त्यांना विचारलं की इतका राग येतो कुठून? त्यांनी नुकतं तासलेलं लाकूड डोळ्याशी धरलं होतं. ते न हलवता म्हणाले, "राग कुठं आला, पोरी? रागावून मारलेला घाव वाकडा जातो. मारताना मानसानं गप्प असावं."

अशा माणसाचा एक नेम होता, आणि आमची ही सगळी गोष्ट त्या नेमावर उभी आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांच्या लोकांचा उपवासकाळ. त्या दिवसांत पापडीत कुणी मांस सोडी, कुणी दारू, कुणी विडी. मेस्तरी म्हणत, "कोन मटन सोडतो, कोन दारू. मी मारनं सोडतो." आणि खरोखर सोडत. हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक असल्यामुळे वर्षभर तोंड मिटून बसलेली माणसं नेमकी त्या चाळीस दिवसांत त्यांच्या सुतारकामाच्या शेडसमोर येत. मेव्हणा येऊन जुनी भांडणं उकरी. न्हावी भर रस्त्यात त्यांच्या डोक्यावरून विनोद करी. मासळीवाली तर टोपली उतरवून, पदर खोचून, निवांत शिव्या देई. मेस्तरी रंधा मारत राहत. त्या दिवसांत त्यांच्या रंध्यातून निघणारे छिलके जाड, मांसल निघत. ईस्टरच्या सोमवारी काही माणसांना अचानक बाहेरगावची कामं आठवत.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वसईतल्याच होळी गावात आमची वाडी होती: केळी, थोडी पानवेल, आणि विहिरीच्या अंगाला मोगऱ्याचे दीडशे वेल. वडील गेल्यावर ती वाडी आईच्या एकटीच्या अंगावर आली, आणि त्याच सुमारास वसईत जमिनींना पाय फुटले. चार दिवस माणूस दिसलं नाही की पाचव्या दिवशी शेतात भिंत उभी राही. आमच्या वाडीवर एका दलालाची नजर होती. कायम पांढरे बूट घालणारा, आईला "वहिनी" म्हणणारा. त्याने आधी गोड बोलून पाहिलं, मग आमचं वाडीतलं खोपटं जळालं. दुसरं बांधलं तर ते अनधिकृत म्हणून पाडलं गेलं. वाडीत माणूस राहिलं नाही तर वाडी जाणार, आणि राहायला घर बांधलं तर घर जाणार, अशा कात्रीत आई सापडली.

तोड माझ्या मामाने काढली. कुठल्याशा सर्वेक्षणवाल्यांच्या तळावरची, मोडीत निघालेली दोन चाकांची एक गाडी त्याने ओढून आणली. बाहेरून पत्रा, आत दोन फळ्यांचे बिछाने, एक खिडकी. रानात मुक्काम करणाऱ्या साहेबांसाठी बनवलेली ती चाकांवरची खोली. आम्ही तिला डबा म्हणू लागलो. चाकं असलेल्या वस्तूला कुणी घर म्हणू शकत नव्हतं आणि म्हणून पाडूही शकत नव्हतं. पण डब्यात चूल मांडता येत नव्हती. पहाटे बाजाराला जाणारी मोगऱ्याची कळी निवडायला, भिजवायला, बांधायला सावली हवी होती. डब्याला एक पडवी हवी होती, आणि तीही अशी की जमिनीत रोवलेली नसावी, कुणी विचारायला आलं तर सुटी करून गवतावर निजवता यावी.

ते काम वाकस मेस्तरींनी घेतलं. पहिल्याच दिवशी डब्याभोवती एक फेरी मारून, पत्र्यावर थाप देऊन, आईला म्हणाले, "खिळा एक नाय मारायचा, बाय. खिळा गंजतो. मी खुंटीवर घेतो." फणसाच्या फळ्या, सागाचे चार खांब, पुढे एक जाड तुळई. खांब दगडी लाद्यांवर नुसते टेकलेले. डब्याच्या लोखंडी कडेला त्यांनी एक लाकडी पट्टा आवळून बसवला, आणि पडवी त्या पट्ट्यात नऊ खैराच्या खुंट्यांनी अडकवली. नऊ खुंट्या ठोकल्या की पडवी आणि डबा एक शरीर; काढल्या की दोन वेगळे देह. एका दुपारी एक खांब अर्ध्या बोटाने वाकडा उभा राहिला, तेव्हा त्यांनी तो काढून कुऱ्हाडीने असा तोडला की ढलप्या विहिरीपर्यंत उडाल्या. मी मोगरा खुडत होते. माझ्या ओच्यातल्या कळ्यांत एक लालसर ढलपी येऊन पडली, ऊन लागून गरम झालेली.

पडवी संपत आली तेव्हा उपवासकाळ संपायला चार दिवस उरले होते. दलालाने तो दिवस निवडून घेतला होता. भर दुपारी तो पाच माणसं, एक दोरखंड आणि पहारी घेऊन वाडीत शिरला. मेस्तरी पडवीच्या फळीला शेवटचा हात देत होते. दलालाने त्यांच्याकडे हसत पाहिलं आणि विचारलं, "काय मेस्तरी, उपवास चालू ना?"

मेस्तरींनी मान डोलावली. तेव्हा त्याने त्यांच्या तोंडात मारली. एकदा, मग पुन्हा, आणि तिसऱ्या वेळी पहार उलटी धरून बरगडीत. मेस्तरी खाली बसले, पुन्हा उभे राहिले. ओठातून आलेलं रक्त पिवळ्या छिलक्यांवर ठिबकत होतं आणि छिलके ते टिपकागदासारखे शोषून घेत होते. त्यांचे हात बाजूला लोंबत होते. इतके मोठे हात इतके रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

हे पाहून आई डब्यात शिरली आणि तिने आतून कडी घातली. दलालाने बाहेरून तिला तीनदा बजावलं. मग त्यांनी पडवीच्या तुळईला दोरखंड बांधला आणि पाच जण तो ओढू लागले. त्यांना पडवी उखडायची होती. पण खुंट्या सोडेनात. पडवीबरोबर डबाच कलू लागला. एक चाक जमिनीवरून सुटलं. आत भांडी कोसळल्याचा आवाज आला, आणि आईची एक किंकाळी, जी तिने लगेच गिळली. मी ओरडत होते, की ओरडतेय असं मला वाटत होतं. मोगऱ्याचा एक वेल मी मुठीत आवळून धरला होता एवढंच नक्की आठवतं.

मेस्तरी वाकून पडवीत शिरले. लाकडी हातोडा घेतला. पहिली खुंटी खालून ठोकली, ती उडाली. दुसरी. तिसरी. मोजून, समान अंतराने, नेहमी काम करत तसे. बाहेर ओढणाऱ्यांना वाटलं, आपल्याच जोराने सांधे निखळताहेत. ते आणखी रेलून ओढू लागले. आठवी निघाली तेव्हा डबा कुरकुरत होता. नवव्या खुंटीशी मेस्तरी क्षणभर थांबले. त्यांनी एकदा दोरखंडाकडे पाहिलं, एकदा तुळईकडे. मग ठोकली.

डबा धाडकन चाकांवर परत बसला. पडवी पुढे गेली. ओढणारे पाचही जण पाठीवर उताणे पडले आणि पाठोपाठ छप्पर, फळ्या, खांब आणि ती सागाची तुळई त्यांच्यावर आली. लाकूड हाडावर पडतं तेव्हा होणारा आवाज ओला असतो. तो मला तोवर माहीत नव्हता. चौघे सरपटत बाहेर निघाले. पाचव्याचा पाय गुडघ्याखाली सपाट झाला होता. तो नायगावचा होता, तिशीचा, दलालाचा चुलतभाऊ. दलालाचे पांढरे बूट बांधावरून पळताना दिसले. त्या माणसाच्या अंगावरची तुळई मेस्तरींनी एकट्याने उचलली, आपल्या शर्टाने त्याची मांडी आवळून बांधली, आणि त्याला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत नेलं.

तक्रार झाली नाही; दुसऱ्याच्या वाडीत दोर घेऊन का शिरलात, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. त्या माणसाचा पाय कापावा लागला. गावाने मात्र मेस्तरींना डोक्यावर घेतलं. हात न उचलता पाच जण लोळवले, हा किस्सा पापडीच्या बाजारात महिनाभर रंगला. मेस्तरी तो ऐकताच तिथून उठून जात. फादरपाशी त्यांनी जे बोलून दाखवलं ते मेस्तरींनीच पुढे आईला सांगितलं. फादर म्हणाले होते, तुम्ही एका बाईचा जीव वाचवलात, तुमचा नेम मोडला नाही. मेस्तरी म्हणाले, "नववी खुंटी काढताना मला ठाव होतं, फादर, तुळई कुनावर पडनार. सुताराला ठाव असतंच."

त्या ईस्टरनंतर त्यांनी मारणं सुरूच केलं नाही. चाळीस दिवस पुढे सरकत राहिले. पडवी त्यांनी पुन्हा उभी केली, पहिलीहून देखणी. त्या पाय गेलेल्या माणसाला कुबड्या करून दिल्या. त्याने त्या अंगावर फेकल्या, तर उचलून त्याच्या दाराशी टेकवून ठेवल्या. मेव्हणा आता एरवीही शिव्या देई. मला त्या दिवसांत मेस्तरींचं मौन त्यांच्या मारापेक्षा भीतिदायक वाटे.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी तीन माणसं त्यांच्या शेडमध्ये आली. मेस्तरींच्या हाताशी वाकस होतं. शेजाऱ्यांनी पाहिलं ते असं: मेस्तरींनी वाकस भिंतीला टांगलं आणि वळून उभे राहिले. त्या तिघांनी त्यांना बाकावर दाबून धरलं आणि दोन्ही मनगटं त्यांच्याच हातोड्याने फोडली. आधी उजवं. मग डावं. मेस्तरींच्या तोंडून आवाज निघाला तो फक्त दुसऱ्या वेळी. हाडं पुढे जुळली, पण बोटं मिटेनात. त्या हातांत पुन्हा चमचासुद्धा राहिला नाही.

आई खचली ती तेव्हा. खोपटं जळालं तेव्हा ती रडली नव्हती. तिने दलालाला निरोप पाठवला की वाडी देते, पण त्या माणसाला आता हात लावू नका. ही बातमी पापडीला पोचली आणि मेस्तरी होळी गावापर्यंत चालत आले, दोन्ही हात प्लास्टरमध्ये, छातीशी धरलेले. वाडीत पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, "माझे हात विकायला काढलेस काय, बाय?"

आई म्हणाली की आणखी कुणाचं रक्त तिला नको.

"सांडलंय ते परत येनार हाय काय? मग जमीन तरी राहू दे. तू विकलीस तर मी कशापायी मार खाल्ला ते मला सांग. सांग की."

दलालाचा माणूस कागद घेऊन आला, तो तिने बांधावरूनच परत पाठवला. का कोण जाणे, पुन्हा कुणी आलं नाही. वाडी आजही आमची आहे.

त्या दिवसापासून आईने मेस्तरींना दुपारच्या जेवणाला वाडीत यायला लावलं. एका विधवेने परपुरुषाला, तोही परधर्माचा, उघड्या पडवीत बसून भरवायचं, यावर होळीत जे बोललं जायचं ते बोललं गेलं. पहिल्या दिवशी खुद्द मेस्तरींनीच तोंड उघडलं नाही. डोळे लाल झाले होते, मानेची शीर ताठ उभी होती. ताट लाथेने उडवतील असं मला वाटलं. आई घास धरून बसली. बोटांवरचा भात सुकू लागला.

"हात असते तर आज तुलाच मारलं असतं, बाय," ते शेवटी म्हणाले.

"असते तर भरवलं नसतं," आई म्हणाली. "तोंड उघडा."

चार वर्षं तिने त्यांना भरवलं. ते मिठावरून भांडत, माशाचा काटा राहिला म्हणून तिच्यावर खेकसत, आणि पुढच्या घासाला निमूट तोंड उघडत. ते गेले त्या दिवशी आम्ही पापडीहून माती देऊन आलो, तेव्हा दुपार कलली होती. आईने हातपाय धुतले, सवयीने भात कालवला, त्यातला काटा काढला, आणि घास हातात घेऊन ती पडवीत बराच वेळ बसून राहिली. मग तो तिने स्वतः खाल्ला.