सी म्हणजे काढा

गव्हाणे साहेब माऊस उलटा करून ठेवायचे. मेलेल्या झुरळासारखा तो टेबलावर पोट वर करून पडलेला असायचा. कुणी नवीन माणूस केबिनमध्ये आला की साहेब त्याच्याकडे बोट दाखवत, "ह्ये बायकांचं खेळणं हाय. आपलं काम काळ्या पडद्यावर." मग त्या काळ्या पडद्यावर चार अक्षरं खटाखट बडवायची आणि समोरच्याचा चेहरा न्याहाळायचा. तो थक्क दिसला की साहेबांचा दिवस सार्थकी लागे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

कुरकुंभच्या आमच्या औषध कंपनीत ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच. शिरूरकडचं बागायतदार घराणं, चुलते सोसायटीचे चेअरमन आणि त्या चुलत्यांची आमच्या मालकांशी ऊठबस. एवढ्या भांडवलावर मिळालेली खुर्ची. खरं काम पुण्याच्या एका इंजिनिअरने आधीच करून ठेवलं होतं. लॅबच्या मशीनवर निघणारे तपासणीचे ग्राफ वर्ष संपलं की एका कमांडने आपोआप एका मोठ्या फाईलमध्ये बांधले जात आणि मूळ फोल्डर रिकामा होई. कमांडचं नाव टार. "टार म्हंजी डांबर," साहेब सांगत, "एकदा फासलं की हालत न्हाई." बांधणं आपोआप चालायचं. बांधलेलं सोडायची वेळ कधी आली नव्हती, म्हणून झाकली मूठ राहिली.

ती वेळ शबाना मुलाणीवर आली. शबाना दौंडची, माझ्याच लॅबमध्ये कंत्राटावर. स्वभावाने भित्री, म्हणून कामात पक्की. एकदा तपासलेलं पुन्हा तपासल्याशिवाय तिचं पेन सहीसाठी उघडायचं नाही. एका गिऱ्हाइकाने आदल्या वर्षीचा माल परत पाठवला. म्हणे, पावडर अशुद्ध आहे. तो माल पास केल्याची सही शबानाची होती. ग्राफ कागदावर छापायचे नाहीत, ही मालकांची काटकसर. त्या दिवसाचा ग्राफ फाईलमधून निघाला तर ती सुटणार होती. नाही निघाला तर तिने न तपासताच सही ठोकली असं ठरणार होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या पगारावर चालायचं.

आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "घाबरता कशाला, म्याडम? आत्ता काढून देतो," म्हणत त्यांनी आधी ती फाईल दाखवली. "बघा केवढी फुगलीय! आक्खं वरीस बसलंय आत." मी म्हटलं, "साहेब, एकदा इंजिनिअरला विचारून घ्यायचं का? नाहीतर मॅन्युअल तरी बघू."

"म्यान्युअल बायका वाचत्यात, मिक्सर घेतल्यावर," साहेब म्हणाले. मग इंजिनिअरने लिहिलेली बांधायची कमांड त्यांनी समोर उघडली आणि जशीच्या तशी उतरवू लागले. प्रत्येक अक्षर आम्हाला शिकवत. "टार. आता बघा, सी म्हंजी काढा. झेड म्हंजी झटपट. एफ म्हंजी फाईल." पुढे फाईलचं नाव, त्यापुढे रिकाम्या फोल्डरचं नाव, आणि बोट उंच उचलून एंटर.

पडद्यावर काहीच उमटलं नाही. "शांतता म्हंजी काम झालं," साहेब म्हणाले. फोल्डर उघडला तर रिकामाच. फाईल पाहिली तर तिचं पोट पाठीला लागलेलं. मी म्हटलं, "साहेब, मघाशी ही केवढी होती!"

"झेड लावलंय न्हवं? दाबल्यावर बारीक व्हनारच."

शबानाने ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं.

मॅनेजरसमोर साहेब जे बोलले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आत त्या दिवसाचं काय नव्हतंच. पोरीनं टेस्टच केली नसंल." मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं, आणि इंजिनिअरला फोन लावायला लावला. तो स्पीकरवर म्हणाला, "अहो, सी म्हणजे बांधा. सोडायला एक्स लागतो. तुम्ही जुन्या फाईलच्या जागी रिकाम्या फोल्डरचं गाठोडं बांधलंत. दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी ठेवायला सांगितलं होतं, ती कुठंय?" हार्डडिस्क होती. तिच्यावर साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग होतं.

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. पण पडलो तरी नाक वर! "अक्षर चुकलं," साहेब म्हणाले, "मानूस न्हाई चुकला." मॅनेजर चक्क हसले. पण गिऱ्हाइकाला कुणाचं तरी नाव द्यायचं होतं, आणि साहेब पडले चेअरमनचे पुतणे, त्यांचं नाव काही देता येत नव्हतं. शबानाचं कंत्राट पुढे वाढलं नाही. साहेबांचा पगार मात्र वाढला. यापुढे अधिक जबाबदारीने डेटा सांभाळायचा, म्हणून.

यंदा ते हार्ट अटॅकने गेले. दहाव्याला घोडनदीच्या काठी गाड्यांची रांग लागली होती. कंपनीतून आम्हीही गेलो. माईकवर एक पुढारी म्हणाले, "कंपनीचा डेटा साहेबांनी पोटच्या पोरासारखा जपला." लोकांनी माना डोलावल्या. मला किळस आली. मी उठून गाडीत जाऊन बसले आणि शबानाला फोन लावला. ती आता शिक्रापूरला एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवते.

"शबाना, गव्हाणे गेले."

ती म्हणाली, "आल्ला माफ करो त्यांना." मला तिचा राग आला. कसली माफी, असं म्हणणार होते, तेवढ्यात तिने विचारलं, "ताई, मी ती टेस्ट केली व्हती. तुम्हाला तरी पटतंय न्हवं?"