सुभद्राबाईंचा विस्तव

सिनेमा बघताना सुभद्राबाईंना गप्प बसता येत नाही. पडद्यावरच्या माणसांना सल्ला दिल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही.

दिवाळीला त्या बुलढाण्याला मुलाकडे, शेखरकडे गेल्या होत्या. नात समीक्षा टीव्हीपुढे बसलेली. जहाज बुडालेलं, निर्जन बेट, त्यावर एकटाच एक गोरा माणूस आणि दर दहा मिनिटांनी त्याची वाढत जाणारी दाढी. सुभद्राबाई चिवड्याची ताटली घेऊन समोर बसल्या आणि त्यांनी त्या बिचाऱ्याला सोलूनच काढलं.

"अवं, वाऱ्याच्या तोंडाले कोणी जाळ करते का? आन लाकूड तरी पाय, वलंगार! याच्या मायनं याले काहीच शिकवलं नाही."

"आजी, तो एकटा आहे ना!"

"मंग? दोन हात हायेत ना त्याले?"

शेखर अशाच संधीची वाट पाहत होता. वडील गुलाबराव जाऊन आठ महिने झाले होते. आईनं मोताळ्याजवळच्या गावातलं घर बंद करून फ्लॅटवर यावं, हा त्याचा रोजचा धोशा. सुनेनं तर सासूच्या खोलीला पडदेसुद्धा शिवून घेतले होते. त्यांचा रंग सुभद्राबाईंना मुळीच आवडला नव्हता, पण तसं त्यांनी गावात फक्त बारा जणींनाच सांगितलं.

"माय, तू जन्मात एक रात्र तरी एकटी झोपली का?" शेखरनं विचारलं.

चिवड्याचा घास हातातच राहिला. खरंच होतं ते. माहेरी सहा बहिणी, सासरी तेरा माणसं, मग चाळीस वर्षं गुलाबरावांचं घोरणं. ते गेल्यापासूनही शेजारची कोणी ना कोणी सोबतीला यायचीच.

"धरणातल्या टेकडीवर पाच दिवस राहून दाखवीन," सुभद्राबाई म्हणाल्या. "राह्यली तर माह्या घराले कुलूप लागणार नाही. एका माणसाले जरी हाक मारली, तर त्याच दिवशी तुह्या पडद्याआड येऊन बसीन."

शेखर हसला. हसायला नको होतं. आई हट्टाला पेटली की काय होतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

गावाजवळचं धरण भरलं की मधल्या एका टेकडीचं बेट होतं. उन्हाळ्यात तिथं गुरं चरतात, दिवाळीत नुसते बगळे. मासे धरणाऱ्या तुळशीराम भोयानं बाईंना नावेतून नेलं. सोबत एक पिशवी, तिच्यात ज्वारीच्या पिठाचा डबा, मीठ, मिरच्या, तवा, पातेलं, विळा, काडेपेटी, खांद्यावर घोंगडी. मोबाइल शेखरनं काढून घेतलेला. काठावर गुलाम रसूलच्या चहाटपरीवर अर्धं गाव जमलेलं. "अस्रच्या अजानपर्यंत भाभी वापस," म्हणजे दिवस कलायच्या आत, असं रसूलमियांनी जाहीर करून टाकलं.

आणि उतरताना पिशवीचा तळ पाण्यात बुडाला. काडेपेटी ओलीचिंब.

बाई खडकावर बसल्या. समोर काठावरचा चहाचा धूर दिसत होता. एक हाक, की नाव येणार. सिनेमातला तो दाढीवाला त्यांना आठवला आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं. जराच.

मग त्यांनी एकेक काडी तापलेल्या काळ्या दगडावर वाळत घातली. पेटीची घासायची बाजू पदरावर पसरून उन्हात धरली. तिकडे काठावर चर्चा : धूर नाही, म्हातारी उपाशी. दिवस कलेपर्यंत बऱ्याच काड्यांची टोकं गळून पडली. अकरा उरल्या. प्रत्येक काडी कोरड्या केसांत घोळवून त्या ओढत होत्या, वाऱ्याला पाठ करून, पदराचा आडोसा धरून. सात वाया गेल्या. आठवी पेटली.

उन्हाळ्यातल्या गुरांच्या, पाऊस खाऊन पुन्हा वाळलेल्या शेण्या टेकडीभर पडलेल्या. तीन दगडांची चूल मांडून शेण्यांचा जाळ केला. काठावर गलका उठला, तो त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. भाकरी थापायला बसल्या आणि सवयीनं आठ भाकरी करून मोकळ्या झाल्या. दोन खाल्ल्या. उरलेल्या सहा बघून मात्र डोळे भरून आले. पण मग झोपण्याआधी, सासूनं शिकवलं होतं तसं, त्यांनी निखारे राखेत दाबून ठेवले. सकाळी राख उकरली, फुंकर घातली. विस्तव जिवंत होता. तेव्हापासून पहाटे उठून तेवढंच बघायचं. उरलेल्या तीन काड्यांना पुन्हा हात लावला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी भाकरी, काठावरच्या घोळीची भाजी आणि मिरचीचा ठेचा पळसाच्या पानावर घेऊन बसल्या. तेवढ्यात जाळं ओढत तुळशीरामची नाव समोरून चालली. आणि चाळीस वर्षांची सवय तोंडातून निसटली,

"या हो तुळशीरामभाऊ, जेवाले!"

अशा वेळी समोरच्यानं "घ्या, बसा" म्हणून पुढं जायचं असतं. पण ठेच्याचा वास पाण्यावरून गेला होता. तुळशीराम आला, बसला आणि तीन भाकरी खाऊन गेला. तासाभरात गावाला कळलं.

पाच दिवस भरल्यावर सकाळी त्याच नावेतून शेखर आला. हातात रिकामी बॅग.

"माय, तू हाक मारली. हरली."

सुभद्राबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "घास हातात असताना समोर माणूस दिसला, तर तोंड शिवून बसू? असं शिकवलं का मी तुले?"

"हाक ते हाकच ना!"

"शेखरभाऊ," तुळशीराम नाव बांधता बांधता म्हणाला, "भूक मले लागली होती. त्यायले नाही."

 तव्यावरची भाकरी फुगत होती. बाईंनी पान मांडलं. "बस. तुले बी म्हणतो, ये जेवाले. आता हे बी मोज."

तो बसला. दोन भाकरी झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "भेव नाही लागलं?"

"लागलं ना. पहिल्या रात्री लय, दुसऱ्या रात्री बी. मंग चुलीकडं ध्यान होतं."

त्यांनी पातेल्यात राख घातली, तिच्यात चार निखारे पुरले आणि पातेलं पदरानं धरून नावेत बसल्या. बॅग शेखरच्याच हातात राहिली, रिकामी.

काठावर त्यानं गाडीचं दार उघडलं. "कुठं नेऊ?"

"घरी. तुह्या फ्लॅटात चूल कुठं हाये?"

शेखरनं गाडी गावाकडे वळवली.